यादीत नसलेली दुरुस्ती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या ताई, आणि सभागृहातील सहकारी बंधुभगिनींनो,

ताईंना आपण पाठीमागे ‘पुन्हाताई’ म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, तेव्हा हसायला हरकत नाही. सॉफ्टवेअर तयार झालं की त्यांचं एकच पालुपद: “कोऱ्या कॉम्प्युटरवर, फक्त यादी बघून, पुन्हा बनवा. अक्षर न् अक्षर जुळलं तरच बाहेर जाईल.” कुठलं पॅकेज, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, कुठली आवृत्ती, सगळं त्या यादीत हवं. किती वैतागायचो आपण!

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते? रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारे आपले पंप एका वॉर्डात मध्येच थांबत होते. परिचारिका घड्याळ धरून थेंब मोजत होत्या. माझ्या कॉम्प्युटरवर बनवलेली सॉफ्टवेअरची प्रत घातली की मात्र पंप नीट चाले. अध्यक्ष महोदय, राग नसावा, पण आपण टेबलावर हात आपटून म्हणालात, “चालतंय ना? मग पाठवा!”

ताई जागच्या हलल्या नाहीत. “चालतंय, पण का चालतंय? यात काय आहे हे कुणाला ठाऊक आहे? पुन्हा बनवा.”

कोऱ्या कॉम्प्युटरवरची प्रत जुळली नाही. ती घातलेला पंप अकराव्या मिनिटाला थांबला. फोनवर डॉक्टर ओरडत होते, आणि ताई दोन्ही प्रती शेजारी ठेवून शांतपणे वाचत होत्या. तासाभराने फरक सापडला. बाहेरून घेतलेल्या एका पॅकेजमधल्या दोन ओळी माझ्या कॉम्प्युटरवर कुणीतरी हाताने दुरुस्त केल्या होत्या. यादीत त्याची नोंदच नव्हती. नोंद केली, प्रती जुळल्या, पंप सुरू झाले.

“कुणी केलं हे?” ताईंनी विचारलं. “मला काय ठाऊक!” मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली, आणि दोन्ही खोटी होती.

यादी सांभाळायचं काम तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या मित्राचं. ठपका त्याच्यावर आला. त्याची बढती हुकली, ती मला मिळाली. तो अजून रोज माझ्याशेजारी बसून जेवतो.

आज सकाळी कपाट रिकामं करताना ताईंनी तिसऱ्यांदा विचारलं. त्याचं उत्तर आत्ता देतो. ताई, ते मी केलं होतं. घाईत केलं, सांगायचं राहिलं, आणि मग भ्यालो. फार लाज वाटते.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास आपण सर्वांनी पदरात घ्यावं. मित्रा, तू मात्र एवढ्यात पदरात घेऊ नकोस. हेच सगळं लिहून, सही करून मी आता अध्यक्ष महोदयांच्या हातात देतो आहे. आधी ते वाचलं जाऊ दे.