कळा जिच्या, सही तिची

आदरणीय अध्यक्ष विजयसिंहदादा, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या भूलतज्ज्ञ डॉ. आफशीन मुजावर, सिस्टर मंडळी आणि पेठ वडगावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शांतव्वा शेटे, निवृत्त मुख्याध्यापिका. रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने मला बोलायला सांगितले आहे. नातेवाईक म्हणून मी कशी होते, हे सिस्टर मंडळींना ठाऊक आहे. त्या आत्ताच हसू लागल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी माझी सून शांभवी याच दवाखान्यात दाखल झाली. कळा वाढल्या, तसे तिने पाठीत देतात ते वेदना कमी करायचे इंजेक्शन मागितले. मी म्हणाले, "काय नको. माझी दोन बाळंतपणं झाली, चकार शब्द काढला न्हाय." शेजारी माझी थोरली बहीण आक्का होती. तिला खोकला आला.

माझा मुलगा मृत्युंजय कागल एमआयडीसीत साठ कामगारांवर देखरेख करतो. त्याने माझ्याकडे पाहिले. मग मीच संमतीपत्र घेतले आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यावर 'नामंजूर' लिहून सही केली.

डॉ. मुजावरांनी ते वाचले, घडी घालून ठेवले आणि दुसरा कागद मागवला.

"बाई, कळा कुणाला येत्यात?"

"तिला."

"मग सही बी तिचीच."

पाय जड होतील, रक्तदाब उतरू शकतो, आम्ही लक्ष ठेवू, हे सगळे त्यांनी शांभवीला समजावले. "न्हाय घेतलंस तरी चालतंय," हेही सांगितले. दोन कळांच्या मध्ये तिने सही केली. अक्षर वाईट होते. तरी मी ते पुन्हा लिहायला लावले नाही.

तासाभराने आत गेलो, तर शांभवी शांत पडली होती. मी आक्काला म्हणाले, "हे कसलं बाळंतपण?"

आक्का म्हणाली, "शांते, तू वरडलीस ते तालमीपतोर ऐकू गेलतं. पैलवान जोर सोडून भाईर आल्ते."

हे ऐकून शांभवी हसली नाही. तिने विचारले, "आत्ती, तुमाला तवा कुणी इचारलं न्हाय?"

विचारले नव्हते. 'गप, भाईर माणसं बसल्यात,' एवढेच सांगितले होते. हे मी चाळीस वर्षांत कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी सुनेच्या खाटेला धरून मी रडले. नातीचा जन्म त्यानंतर दोन तासांनी झाला.

डॉक्टर, तुम्ही विचारत राहिलात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. आयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, तर पोटात घालावे. मी ओरडले होते, एवढे मात्र आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. खाली सही मी करते.