आता तीन महिन्यानं या!

...अन् मागच्या खेपेले हा कंपौंडर वरून हासून म्हंते, "बढिया, काका! अब तीन महिने बाद आना!" तीन महिने! मी का धान हावो, का पेरला अन् मंग पाहाले आला? सरका जरासे, बसू द्या. माहा नंबर? जाऊ द्या हो त्याले! बाई, तुमी जा अगुदर, तुमच्या कडेवर लेकरू हाये. मी बसतो निवांत. तं तुमाले सांगतो... म्हंजे सांगतो मी लय, पन आयकते कोन?

मी उदेलाल, देवरीकडचा. माही बायको दुलारी मागच्या साली गेली. पोरगा धनेंद्र पुन्याले. फोन करतो त्याले, अन् उचललाच तं म्हंते, "बाबा, मीटिंगमंदी हावो, मंग करतो." आता हे मंग कदी येते बापा? त्याचंही काय चुकते म्हना, नोकरी हाये. पन घरात मी कोनासंगं बोलू? बैलासंगं बोललो तं तोही कान हालवून तिकडं तोंड करते. आयकते कोन?

तं डोकं गरगर कराले लागलं म्हून आलो ह्या दवाखान्यात. ह्या श्यामलाल कंपौंडरनं पट्टा बांधला, फुस फुस फुगवला, अन् डोळे हे एवढे केले! "काका, बीपी बहोत जादा है!" मंग उपाशीपोटी रगत काहाडलं. डाक्टर तरनाच हाये, पन रिपोर्ट पाहून अशी मान हालवे, मले वाटलं आता काही खरं नाही आपलं. म्हनलो, "सायेब, दुखनं बीपीचं, तुमी साखर कायले पाहून राहिले?" तं म्हंते, "काका, दोघांचं नातं आहे. इन्सुलिन असतं ना, ते हाका मारतं, साखर आली, दार उघडा! तुमचं शरीर ऐकतच नाही. मग इन्सुलिन आणखी वाढतं, आणखी जोरात हाका मारतं. त्यानं मीठ अंगात अडून राहतं, नसा आवळतात, बीपी चढतो."

मी पाहातच राहिलो! म्हनलो, सायेब, येवढ्यासाठी सुई कायले टोचली? हाका मारनाऱ्याचं कोनी आयकत नाही, तो अजून ओरडते, अन् मंग चढते डोक्शात... हे तं माह्या घरचंच सांगून राहिले तुमी!

मंग इचारते, "भात किती खाता?" आता धानाच्या मुलखात मानूस भात नाही खाईन तं का गिट्टी खाईन? पन खरं सांगतो, तुमी काही परके नाही. दुलारीचा मापाचा डबा हाये एक. साऱ्या घराचा भात त्याच्यावर होये. मीही तोच भरतो. कमी टाकलं का भाताच्या गंजाच्या बुडाशी चार दाने दिसते, अन् घर असं खायाले उठते... नाही जमत जी. तं भरतो डबा. राती खातो, उरलं त्याच्यात पानी टाकतो, सकाळी ते बासी मीठ-कांद्यासंगं, अन् दुपारी पुन्हा तेच. साऱ्या घराचा भात एकटाच खाऊन राहिलो! डाक्टर म्हंते, "डबा बदला, काका." कसा बदलू? तिच्या हाताचा हाये तो. त्याले हे सांगाले गेलो, तं तो म्हंते, "नेक्स्ट!" आयकते कोन?

पन एक चांगलं केलं त्यानं, हर सोमवारी या म्हनला. बस धरून येतो, ह्या बेंचावर बसतो, कोनी नवेगावचं, कोनी सालेकसाचं... बोलतो, ते बोलते, मंग माहा नंबर दुसऱ्याले देऊन अजून बोलतो. अन् आत गेलो का बीपी बराबर! गावातली नर्सबाई मोजते तं चढेल राहते, इकडं मोजला तं उतरेल राहते. डाक्टर चकरावला. रिपोर्ट तसेच, कमर तशीच, मंग बीपी उतरला कसा? म्हंते, "गोळी लागू पडली!" अन् दिले ढकलून तीन महिने!

ते तीन महिने कसेबसे काहाडले, म्हून आज मी तयारीनं आलो. सकाळी बासीत मीठ टाकलं दाबून, वरून लोनचं, वरून पापड. चढ म्हनलो बापा, किती चढतेस ते चढ! चढला तं डाक्टर पुन्हा हर सोमवारी बलावन ना... हसू नोका, बाई! अन् तुमचा नंबर गेला ना पुढं? जात काऊन नाही? का म्हंता, माहं पुरं आयकून जाता?

आलो, आलो गा श्यामलाल! हा घे हात. बांध पट्टा. फुगव अजून... का? बराबर? पुन्हा मोज! दुसऱ्या हातावर मोज! तरीही बराबर?

घ्या! पाहा, तुमीच केलं हे! इतकं कान देऊन कायले आयकलं जी? सकाळचं लोनचं वाया गेलं ना माहं... जाऊ द्या. पिशवी द्या ती इकडं. जातो घरी. तिकडं चढते आपोआप.