पोटात कळणारी गिटार

व्हायोलिन दुरुस्त होईतो दुकानात थांबलेल्या मास्तरीणबाईंचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले.

“आई, ही बेस गिटार जड आहे. खांदा भरून येईल तुझा.”

“तुला कडेवर वागवलंय मी! पोटाशी धरते, तू वाजव.”

“आलं ऐकू?”

“कानातल्या यंत्रात नुसती खरखर. पण पोटात कळलं. आता ती लाल दे.”

“कशी आहे?”

“अगदीच मुळमुळीत गं. जडच घेऊ.”

“आमच्या पंक बँडमध्ये खरंच वाजवणार? गाण्यांचे शब्द तर तुला कळतच नाहीत.”

“शेजारीण सांगते ना. सगळ्या गाण्यांत मलाच शिव्या आहेत म्हणे.”

“आई...”

“अगं, माझ्यावरच्या गाण्यात मी नको? पट्टा दे इकडे.”

कारागिरानं व्हायोलिन पुढे केलं, तरी मास्तरीणबाई उठल्या नाहीत.