म्हशीसाठी जुनं जेट

अ‍ॅव्हरेज वाढवायला तुम्ही सगळेच मेकॅनिककडं जाता, मी एकदा कमी करून आणलंय बरं का!

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले अन् त्यांची मोटरसायकल माझ्याकडं आली. फुलंब्रीहून संभाजीनगरला रोजचं जाणं-येणं, मागं काळा धूर अन् पार वेशीपासून घरी ऐकू जाणारी फटफट. शेवटी हर्सूलला सलीमभाईकडं कार्बोरेटर खोलला. त्यांनी पेट्रोल कमी सोडणारं बारीक जेट घातलं, ट्युनिंग केलं. गाडी अशी गुपचूप चालाय लागली की घरी आलेलं कुणाला कळंना.

आठवडाभरात आई म्हणली, "जुना आवाज आण बाबा. त्याबिगर म्हैस पान्हा सोडंना."

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "भैंस के वास्ते जेट बदलनेवाला तू पैलाच है रे!" पण जुनं जेट बसवून दिलं.

संध्याकाळी फटफट करत घरी आलो. म्हशीनं मान बी वळवली नाय. आई मात्र पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. अण्णा यायचे तेव्हा उभी राहायची, तशीच.

मी म्हणलं, "आई, म्हैस तर ढिम्म हाये की!"

"तिला काय कळतंय," आई म्हणली, अन् तांब्या माझ्या हातात दिला.