खोली तेवढी रिकामी करा!

…आणि वर लोक मलाच विचारतात, "बाई, एवढा पसारा कशाला हो करून ठेवता?" मी? मी करते? अहो, तुम्हाला सांगते, या आमच्या न्येंडो शहरात माझ्यासारखी टापटीप बाई दिवा घेऊन शोधलीत तरी सापडायची नाही! माझ्या शिलाईच्या टेबलावर दोऱ्याचं एक रीळ वाकडं दिसलं तर मला घास गिळत नाही. पण ते माझं टेबल! त्या मागच्या खोलीत जे कोंबलंय ना, ते माझं नाहीच मुळी, ते पथकाचं. शाळेतल्या मुलींचं गाइड पथक चालवते ना मी, दर शनिवारी, फुकट! म्हणजे काय, तर कुणाची डाव्या पायाची चप्पल, कुणाचा टॉवेल, कुणाची गुंडाळलेली गादी, बुडाला काळी ठिक्कर पडलेली पातेली, गाठी न सुटणारे दोरखंड आणि तो निशाणाचा बांबू, जो दारातून तिरका घातल्याशिवाय आत जात नाही आणि आत गेला की खिडकी बंद होत नाही. टाकता येत नाही, कारण पथकाचं. वापरता येत नाही, कारण पथकाचं. आणि बोलायची तर सोयच नाही, कारण मी पडले स्वयंसेवक!

बरं, सामान परवडलं, पण कागद! आमच्या जिल्ह्याच्या गाइडप्रमुख मॅडम फोन करतात, आवाज कसा, साखरेत घोळलेला. "प्रॉसी डिअर, प्रत्येक मुलीचं परवानगीपत्र हवं हं, फायलीत, अक्षरक्रमाने." अक्षरक्रमाने! अहो, आमच्याकडे मुलींची नावं कशी असतात? नामायांजा, नाकिटो, नालवांगा, नान्योंजो... मी स्वतः नालुबेगा! बाकीचे सगळे कप्पे रिकामे, त्यांत झुरळं सुखाने नांदतायत, आणि 'न'चा कप्पा फाटून दोऱ्यावर आलाय. उघडला की नुसता नन्नाचा पाढा!

आणि पालक लिहितात तरी काय? मजकूर हवा एवढाच, की माझ्या मुलीला शिबिराला पाठवायला माझी हरकत नाही. झालं. पण ते सेंतोंगो, टेओपिस्टाचे वडील, ते काय लिहितात? "बाई, कशा आहात? रात्र कशी गेली? घरची मंडळी कशी आहेत? आम्ही इकडे बरे आहोत, काळी गाय सोडून..." आणि मग ती गाय! ती काय खाते, काय खात नाही, डॉक्टर काय म्हणाला, शेजारी काय म्हणाला... पानं उलटतेय मी, उलटतेय, शेवटी एकदम सही! शिबिराचं नाव नाही! आता सांगा, हे कुठे लावू? परवानगीत की जनावरांत? पण परत पाठवून चालतंय का? माणसाने एवढ्या मायेने विचारलंय, रात्र कशी गेली म्हणून!

तर अशा त्या खोलीत मी आणि माझे कागद सुखाने... म्हणजे दुःखाने, पण राहत होतो. तेवढ्यात आमचे हे! आमचे हे म्हणजे कायिवा, हार्डवेअरच्या दुकानात आहेत. एरवी गरीब माणूस, आवाज म्हणून नाही. पण त्या दिवशी चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "प्रॉसी, पुढच्या रविवारी आई येतेय. पायाचं ऑपरेशन झालंय, गावी एकटी कशी राहील? ती खोली रिकामी झाली पाहिजे. नाही झाली तर पथक बंद. बस्स!"

बस्स म्हणाले! आणि खरं सांगू का तुम्हाला? मी स्वतः रोज म्हणते, सोडते बाई हे पथक, सोडते एकदाचं. पण दुसऱ्या कुणी म्हटलं ना, की नाही पटत! शनिवारी अंगणात त्या पोरी रांगेत उभ्या राहतात, निम्म्यांचे स्कार्फ मीच शिवलेले, आणि बेसूर का होईना पण गळा काढून गातात... नाही सोडवत हो. आवडतात मला त्या. जाऊ दे. रडायला सवड कुठे होती? खोली रिकामी करायची होती!

मी डोकं लढवलं. म्हटलं, ज्याचं सामान त्याने न्यावं! आमच्या चर्चमध्ये किबिरिगे म्हणून धर्मशिक्षक आहेत, प्रार्थनेनंतर सूचना वाचतात. त्यांना साधं सांगितलं, की शनिवारी पालकांनी येऊन आपापल्या मुलींच्या वस्तू घेऊन जाव्यात. साधं वाक्य ना? किबिरिगे उभे राहिले, चष्मा पुसला, खाकरले, म्हणाले, "बंधुभगिनींनो, आपल्या नालुबेगाबाईंच्या सासूबाई आजारातून उठून येत आहेत. तरी शनिवारी सर्व पालकांनी बाईंच्या घरी यावे..." आणि बसले! वस्तूंचं राहूनच गेलं, ते आठवलं त्यांना घरी जेवायला हात धुताना.

आता आजारी माणसाच्या घरी जायचं म्हणजे आमच्याकडे रिकाम्या हाताने कोण जातो? कुणी नाही! हात हलवत जायचं म्हणजे तोंड कुठे दाखवायचं मग?

शनिवारी उजाडतंय न उजाडतंय तोच नाकिटोची आई दारात, बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, आणि तिच्या मांडीवर मटोक्याचा, म्हणजे शिजवायच्या केळ्यांचा, हा एवढा हिरवागार घड! का आली होती? मोजा न्यायला. एक मोजा! पण तसं पटकन देता येतो का? आधी आमच्या रीतीप्रमाणे नमस्काराला मी गुडघे टेकले, मग तिने गुडघे टेकले, मग रात्र कशी गेली, दिवस कसा आहे, मुलं कशी आहेत, मग चहा, मग शेंगदाणे. निघाली तेव्हा तिला तरी रिकामं कसं पाठवायचं? मी हुशारी केली, पथकाचं एक पातेलं दिलं हातात. म्हटलं, गेलं एक! तर दुपारी तीच बाई पातेलं घेऊन परत, आणि काठोकाठ रताळी! "भांडं रिकामं कसं परत करू, बाई?" आणि मोजा? मोजा इथेच विसरली!

मग रांगच लागली हो. एकाने फणस आणला, बोडाच्या पाठीमागे माणसासारखा बांधून. मग दुसऱ्याने त्याच्याहून मोठा, कारण पहिला त्याचा शेजारी. सेंतोंगोंनी कोंबडी आणली, जिवंत, आणि गाईची पुढची हकिगत. मी हात जोडून म्हणतेय, अहो, ही गादी तुमची ना? चप्पल तुमची ना? न्या ना! तर म्हणतात कसे, "असू दे बाई, तुमच्याकडे नीट राहतं. आणि आम्ही काय वस्तू न्यायला आलोय होय? सासूबाई उद्या येणार? मग उद्या पुन्हा येतो!" पुन्हा! संध्याकाळी खोलीचं दार लोटलं तर उघडेना. आतून रताळी अडकलेली. खिडकीतून बघितलं तर कोंबडी परवानगीपत्रांच्या फायलीवर ऐसपैस बसली होती, बरोबर 'न'वर. तिला हाकलणार कोण? मी पडले स्वयंसेवक!

हे दुकानातून आले, खिडकीतून खोलीत डोकावले. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "उद्या मॅडमना फोन करून सांगून टाक, पथक बंद." मी हो म्हटलं. भांडायचं त्राण नव्हतं, दिवसभर गुडघ्यांवर होते.

रविवारी सासूबाई आल्या. काठी टेकत, यांच्या खांद्यावर हात, तडक त्या खोलीशी. यांनी दाराला खांदा लावला, दार उघडलं, फणसाचा वास भसकन बाहेर. मी मान खाली घालून गुडघ्यांवर बसले, म्हटलं, संपलं आपलं पथक. सासूबाई बघतायत... घड बघतायत, रताळी बघतायत, कोंबडी बघतायत.

"हे सगळं कुणी आणलं?"

"पथकाच्या मुलींच्या पालकांनी, आई," मी म्हटलं, "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मला ओळखतं कोण इथे? अगं, तुझ्यासाठी आणलंय ते! माझे सासरे गावचे मुखिया होते, त्यांच्या अंगणात लोक असे घड टाकून जायचे. त्यांच्यानंतर हे आज बघतेय." आणि वळल्या यांच्याकडे. "कायिवा, इतकी वर्षं शहरात आहेस. तुझ्यासाठी कधी कुणी एक रताळं तरी आणलं का रे?"

यांनी कोंबडीकडे बघितलं. अहो, हार्डवेअरच्या दुकानात रताळं कोण आणतो?

"आणि ही म्हणे पथक सोडणार! फोनवर तूच म्हणालास ना? खबरदार कुणी सोडलं तर! मी तुमच्या खोलीत झोपेन. तुम्ही दोघं इथे झोपा, सामानावर लक्ष राहील."

मी असे हात जोडले म्हणता... जीव भांड्यात पडला माझा. पथक राहिलं! पण खोलीचंही तसंच आहे, राहिली ती राहिलीच. सासूबाई आमच्या पलंगावर बसून दिवसभर पाहुण्यांना भेटतात, त्यांच्या पायापेक्षा तोंड लवकर बरं झालंय. पाहुणे थांबत नाहीत, त्यामुळे घड थांबत नाहीत. ते उचलायचे कुणी? यांनी. आईने सांगितलंय! दुकानातून आले की कोट काढायचा, रताळी सारायची, फणस फिरवून ठेवायचे, कोंबडीला न दुखावता खालून कागद काढायचे आणि 'न'मध्ये लावायचे. रात्री त्या बांबूला पाय लावून झोपतात, सकाळी केसांत पिसं.

परवा एक नवीन बाई आली, हे दारात पातेलं घेऊन उभे. तिने विचारलं, "तुम्ही इथले कोण हो? पगार काय देतात?"

हे माझ्याकडे बघून, खाली मान घालून म्हणाले, "पगार कसला, बाई! मी पडलो स्वयंसेवक."