सुमनचा खांदा

खांदा कशाला म्हणतात, ते मला सुमनकडं पाहून कळलं! बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही उंब्रजच्या मुली साताऱ्याला मानवी मनोऱ्यांच्या स्पर्धेत नवशिक्या गटात उतरलो. एक मुलगी आजारी पडली, म्हणून मोठ्या गटातली सुमन तळाला उभी केली.

साताऱ्याच्या संघाच्या बाई तणतणल्या, "मुरलेली मुलगी नवशिक्यांत कशी?"

पंच म्हणाले, "तळालाच आहे, काय फरक पडतो?"

सगळ्यात वर मी होते. माझा तोल गेला, अख्खा मनोरा कलला. सुमननं तो एकटीनं खांद्यावर पेलून सरळ केला. पहिला नंबर आणि ढाल आमची, साताऱ्याचा दुसरा!

सुमन पंचांसमोर गेली. "आवं सर, बाईंचं बरोबर हाय. मी नसते तर ह्या पडल्या असत्या. ढाल त्यास्नी द्या."

ढाल गेली. परतीच्या एस्टीत मी रागानं तिच्यापासून लांब जाऊन बसले. उंब्रजला उतरताना पाहिलं, तिचा उजवा हात वर होत नव्हता.