दिवसाला एकच

दवाखान्यात माणसानं गप्प बसावं. पण माझ्या शेजारचा गृहस्थ ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय थापा मारायच्या ते बायकोला पढवत होता, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सिगारचं विचारलं, तर दिवसाला एकच म्हणायचं."

"एकच? लाटण्याएवढी?"

"लांबी-जाडी कोण विचारतंय? त्यांनी एकीवर या म्हटलं, मी आलो."

"आधी बोटाएवढ्या तीन व्हायच्या. आता ही एकच जेवल्यापासून झोपेपर्यंत पुरते."

"अगं, हल्ली जाड सिगारचीच चलती आहे. दुकानदार म्हणाला, बारकीला आता कुणी हात लावत नाही. शिवाय जाड सिगारचा धूर थंड लागतो."

"लग्नातला कोट अजून घालता, आणि फॅशन सुचली ती सिगारमध्ये! काल जिन्यात धापा टाकत बसलात, तेव्हा कुठं गेला होता थंड धूर?"

"खरं सांगितलंस तर ऑपरेशन पुढं ढकलतील."

"ढकलू देत. भूल देणाऱ्याला खोटं सांगून मी तुम्हाला आत पाठवणार नाही."

"तू काही सांगू नकोस म्हणजे झालं."

"सांगत नाही, दाखवते. पर्समध्ये घेऊन आलेय."

"माझी सिगार? अगं, आण इकडे!"

तेवढ्यात नर्सनं हाक मारली. बाई पर्स छातीशी धरून ताडताड आत गेली. गृहस्थ माझ्याकडे वळला.

"बघितलंत ना मावशी? नवऱ्याची काही किंमत आहे का हिला?"

"आहे, म्हणून तर आत गेली. डॉक्टरांना फसवून टेबलावर झोपशील रे बाबा, पण उठवायला तुझा तो दुकानदार येणार नाही. ऊठ, जा तिच्या मागं."